ओपन जिम बसवावी का? आधी वडिलांना विचारा, ते कुठे थांबतात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ 120 घरांची कॉलनी. वडील 68 वर्षांचे, मार्चमध्ये अँजिओप्लास्टी झाली. तुम्ही स्वतः 41, उंची 5 फूट 7 इंच, वजन 86 किलो, बीपी नुकतंच 'बॉर्डरवर' आलंय. वर्षभरात कॉलनीत तिघांना हार्टचा त्रास झाला, लोक घाबरले आणि 2 लाख 10 हजार वर्गणी जमली. आता मंडळ म्हणतंय की मोकळ्या जागेत ओपन जिम बसवू. तुम्ही विचारताय, बसवावी का? आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, 'वडिलांना रोज चालायला सांगितलंय, पण आळसामुळे ते घराबाहेरच पडत नाहीत, काय करावं?'

मी सिडकोत 27 वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करतो. अंबड-सातपूरचे कामगार, त्यांचे रिटायर झालेले वडील, आता त्यांची मुलं, असे तीन पिढ्यांचे पेशंट. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचे हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. वडील बाहेर का पडत नाहीत हे नीट कळलं, की पैसे कुठे घालायचे तेही कळेल. फक्त 'आळस' हे उत्तर मानू नका. मी बरीच वर्षं तेच मानत होतो आणि चुकत होतो.

माझे एक पेशंट होते, कंपनीतून रिटायर झालेले, बीपी आणि पायाला सूज. दर महिन्याला मी विचारायचो, 'काका, चालता ना?' ते म्हणायचे, 'हो हो, चालतो.' वजन जागचं हलेना. एकदा काकूच सोबत आल्या आणि फटकन म्हणाल्या, 'कुठले चालतात? तुमची ती लघवीची गोळी सकाळी घेतली की दर अर्ध्या तासाला जावं लागतं. रस्त्यात सोय आहे का कुठे?' मी गार पडलो. गोळीही माझीच आणि चालायचा सल्लाही माझाच! गोळीची वेळ बदलली आणि आठवड्याभरात काका चालायला लागले. (तुम्ही मात्र वडिलांच्या गोळ्यांची वेळ स्वतःच्या मनाने बदलू नका, त्यांच्या डॉक्टरांना विचारा.)

तेव्हापासून मी 'चालता का?' हा प्रश्न सोडला. 'कुठे चालता? तिथं काय आडवं येतं?' असं विचारतो. मग खरी उत्तरं मिळतात. कोपऱ्यावर चार कुत्री आहेत. गटारीचं झाकण तुटलंय. फुटपाथवर रिक्षा लागलेल्या असतात. गुडघे दुखतात आणि मधे बसायला काही नाही. बायकांचं उत्तर बहुतेक वेळा एकच: संध्याकाळी स्वयंपाक उरकून निघावं तर त्या वळणावर दिवा नाही आणि पोरं घोळका करून उभी असतात. यात कुणाचा आळस दिसतोय?

आता वजन आणि हृदय यांचा थोडा हिशेब मांडतो, कारण मंडळाच्या मीटिंगमध्ये यावरूनच घोळ होणार आहे. आपल्या लोकांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 23 च्या वर गेला की वजन जास्त आणि 25 च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात, पाश्चात्त्यांपेक्षा कमी, कारण आपली चरबी पोटावर साठते आणि त्रास लवकर देते. तुमचा बीएमआय 30 ला टेकलाय. पण काट्यापेक्षा टेप जास्त खरं सांगतो. बेंबीच्या पातळीवर पुरुषाचं पोट 90 सेंटिमीटरच्या आत हवं, बाईचं 80 च्या आत. 2023 मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, देशभराचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मोठ्या माणसांपैकी 35.5 टक्क्यांना बीपी आणि 39.5 टक्क्यांना पोटाचा लठ्ठपणा होता. म्हणजे तुमच्या कॉलनीत तिघांना त्रास झाला यात शापबिप काही नाही. असंच चालू राहिलं तर आणखी होतील.

तर हिशेब असा. अर्धा तास भरभर चाललं की साधारण दीडशे कॅलरी जातात. एक वडापाव तीनशेच्या आसपास. नुसत्या चालण्याने वजन भराभर उतरत नाही ते यामुळेच, आणि महिनाभर चालून काटा हलला नाही की लोक सोडून देतात. पण चालणाऱ्याचं बीपी उतरतं, साखर सुधारते, झोप लागते, काटा तिथेच असला तरी. आठवड्याला 150 मिनिटं हे जागतिक आरोग्य संघटनेचं किमान माप आहे, आणि ते हृदयासाठी आहे. वजनाचं काम मुख्यतः ताटात होतं. तिथेही 86 चे 65 करायला जाऊ नका. चार-साडेचार किलो उतरले आणि तिथे टिकले, तरी तुमच्या बीपीत फरक दिसेल.

मग ओपन जिम? वाईट नाही. पण आमच्या भागात ज्या बसल्या, त्यांचं मी पाहिलेलं असं: पहिले दोन महिने रांग, मग पोरं झोके घेतात, मग बेअरिंग जातं, आणि वर्षभराने त्यावर गोधड्या वाळत पडतात. वापरणारे टिकतात ते आधीपासून व्यायाम करणारेच. तुमचे वडील त्या मशिनीवर चढणार आहेत का? नाही. आणि जी बाई दिवा नाही म्हणून घरात बसलीये, तिला जिमचा उपयोग काय?

आपल्या नाशिकची एक गंमत आहे. इथले महाजन बंधू, दोघेही डॉक्टर, 2015 साली सायकलवर अख्खी अमेरिका पार करून आले. दर रविवारी गंगापूर रोडला हेल्मेट घातलेल्या सायकलस्वारांची रांग दिसते, अभिमान वाटतो. पण तुमच्या कॉलनीतला सहावीतला मुलगा दीड किलोमीटरवरच्या शाळेत सायकलने जातो का? जात नाही, कारण मधे हायवेची सर्व्हिस रोड आहे. आणि मोठी माणसं गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालायला गाडी काढून जातात, पार्किंगसाठी भांडतात, तीन फेऱ्या मारतात आणि गाडीने परत येतात. मीही जायचो. पाथर्डी फाट्याहून ते रोज जमणारं नाही. चालणं टिकतं ते घराच्या दारापासून सुरू होणारं: दूध, भाजी, देऊळ, नातवाला शाळेत सोडणं.

म्हणून मंडळाला पहिलं काम हे सांगा. एका रविवारी सकाळी साडेसहाला आणि पुन्हा संध्याकाळी साडेसातला, कॉलनीच्या गेटपासून शाळा, भाजीवाला आणि बसस्टॉप या तीन वाटा पायी फिरा. सोबत एक आजोबा, एक आजी, एक बाबागाडी ढकलणारी आई आणि एक शाळकरी मुलगा हवाच. तरुण सेक्रेटरी एकटा फिरला तर त्याला काहीच अडथळा दिसत नाही. वहीत लिहा: कुठे पाय अडला, कुठे रस्त्यावर उतरावं लागलं, कुठे अंधार, कुठे कुत्री, कुठे बसावंसं वाटलं. फोटो काढा. फुटपाथचा नियम माहीत असू द्या, चालायला मोकळी रुंदी निदान 1.8 मीटर आणि कर्बची, म्हणजे फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेची, उंची फार तर 15 सेंटिमीटर. टेप घेऊन मोजा. आमच्याकडे एका ठिकाणी कर्ब दोन वीत उंच निघाला. गुडघे धरलेली बाई त्यावर चढणार कशी? ती सरळ रस्त्याने चालते आणि मागून हॉर्न खाते.

या यादीचे दोन भाग होतील. एक, जे महापालिकेचं आहे: दिवे, झाकणं, फुटपाथ, झेब्रा. ते वर्गणीतून करू नका. सिडको विभागीय कार्यालयात अर्ज द्या, दिव्यांचा वेगळा, बांधकामाचा वेगळा, नकाशा आणि फोटो जोडून, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. एका अर्जात सतरा मागण्या घातल्या की तो अर्ज सतरा टेबलं फिरतो. मोठं काम असेल तर ते पुढच्या अर्थसंकल्पात यावं लागतं, तेव्हा दिवाळीच्या सुमारास मागे लागा, मार्चमध्ये नाही. दुसरा भाग, जो तुमचा आहे: कॉलनीची मोकळी जागा आणि आतले रस्ते. इथे एक 'पण' आहे. मंजूर लेआउटमधली ती मोकळी जागा कागदोपत्री कुणाच्या ताब्यात आहे हे आधी पाहा. ती महापालिकेकडे वर्ग झाली असेल तर परवानगीशिवाय तिथे बाकडंसुद्धा ठेवता येत नाही.

कुत्र्यांचं उत्तर जागेवर अवलंबून आहे. नसबंदी आणि लसीकरणासाठी महापालिकेला कळवा. खायला घालणाऱ्यांशी भांडू नका, त्यांना चालायच्या वाटेपासून लांबची एक ठरावीक जागा आणि वेळ ठरवून द्या. आमच्या गल्लीत एवढ्यानेच पहाटेचा त्रास निम्मा झाला.

तुमच्या 2 लाख 10 हजारांचं मला विचाराल तर: पाठ टेकायला जागा असलेली, हात टेकून उठता येईल अशी बाकडी, दर दीड-दोनशे मीटरवर एक. मोकळ्या जागेभोवती सपाट, न घसरणारी वाट. क्लबहाउस किंवा वॉचमनच्या खोलीजवळचा संडास दुरुस्त करून सगळ्यांना खुला, आतून कडी आणि धरायला दांडा. एक चांगलं बीपीचं मशिन, दंडावर बांधायचं. एवढं होऊन पैसे उरले तर घ्या दोन मशिनी, तरुणांचाही हट्ट पुरवा. बाकड्यावर लोक हसतील, 'व्यायामाला सांगितलं आणि डॉक्टर बसायला देतोय.' हसू द्या. बसायला मिळणार हे माहीत असलेला म्हातारा निघतो. नाहीतर तो निघतच नाही.

आता ताट. इथे मी एकदा सपशेल तोंडावर पडलोय, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी उत्साहाने गल्लीत 'वजन घटवा' स्पर्धा ठेवली, दोन महिन्यांची, बक्षीस पैठणी आणि मिक्सर. लोकांनी काय करावं? शेवटच्या आठवड्यात उपास. एक ताई डायबेटिसची गोळी घेऊन दिवसभर काही न खाता राहिल्या आणि हळदीकुंकवात चक्कर येऊन पडल्या. साखर 52. वेळेत गूळपाणी मिळालं म्हणून निभावलं. जिंकलेल्यांचं वजन दिवाळीपर्यंत परत आलं, व्याजासकट. तेव्हा स्पर्धा, फलकावर लावलेली वजनं, सगळ्यांसमोर काट्यावर उभं करणं, यातलं काहीही करू नका. जाड मुलांना तर अजिबात नाही.

त्याऐवजी घरातला डबा मोजा. चौघांच्या घरात महिन्याला तेलाचा 5 लिटरचा कॅन संपत असेल, तर माणशी रोजचं साधारण 38 ग्रॅम तेल पोटात जातंय, बाहेरचं वेगळं. तो 3 लिटरवर आणला की 23 ग्रॅम होतं. कुणाला डाएट सांगावं लागत नाही, कॅन आणायची तारीख पुढे ढकलायची. मिठाचंही तसंच, माणशी दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं धरून. लोक भाजीतलं मीठ कमी करतात आणि पापड भाजून घेतात. पापडात मीठ आहेच, वर पापडखार, म्हणजे सोडियमच. लोणचं, शेव, फरसाण, बेकरीची खारी, इथे लपलेलं मीठ असतं.

आणि हो, मिसळ. नाशिकमध्ये राहून मिसळीवर बंदी घालणारा डॉक्टर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात माश्या मारत बसेल. मोड आलेल्या मटकीचं तर मी कौतुकच करतो. गोंधळ भोवतीचा आहे: वरची तर्री, मूठभर शेव, दोनाचे चार पाव, पापड आणि शेवटी गुळाची जिलेबी. आमचा रविवारचा चालण्याचा ग्रुप तीन किलोमीटर चालून मिसळीच्या टेबलावर संपायचा, आणि सगळे म्हणायचे, आज चाललोय ना! आता आम्ही महिन्यातून एकदाच जातो, तर्री वाटीत वेगळी मागतो. एवढी तडजोड लोक पाळतात.

तुमच्या मंडळाच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मंडळाचं स्वतःचं टेबल. मीटिंगला समोसा-कोल्ड्रिंक कोण मागवतं? तुम्हीच. गणपतीत दहा दिवस काय वाटायचं, कोजागरीच्या दुधात किती साखर, वाढदिवसाला शाळकरी पोरांच्या हातात कसलं पाकीट, हे सगळं तुम्ही ठरवता. पेरू, उकडलेल्या शेंगा, फुटाणे, ताक आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आपली द्राक्षं. द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून आपण पाहुण्यांना वेफर्स देतो!

शाळेच्या गेटचा मुद्दा नाजूक आहे. नियम आहे: अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार शाळेच्या आत आणि गेटपासून 50 मीटरपर्यंत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. तंबाखूसाठी 2003 च्या कायद्याने ही मर्यादा 100 यार्डांची आहे. तंबाखूच्या बाबतीत मी कडक आहे, सरळ तक्रार करा, कारण हृदयाचा त्याच्याइतका मोठा शत्रू दुसरा नाही. पण वडापावच्या गाडीवाल्याला पळवून लावायला जाऊ नका. तो तुमच्याच भागातला, त्याच्याही घरी बीपीची गोळी चालू असते. आमच्या इथल्या एकाशी मी सहा महिने बोलत होतो. 'उकडलेले चणे ठेव' म्हटलं, ठेवले, खपले नाहीत, बंद केले. चूक माझी, मी त्याचा धंदा समजून घेतला नव्हता. मग पालक-शिक्षक बैठकीत शाळेनेच मधल्या सुट्टीच्या डब्याचे वार ठरवले, उसळ-पोळीचा वार, फळाचा वार. गाडीवाल्याशी बोलणी तेलावर आली. रोज काळं झालेलं तेल पुन्हा तापवायचं नाही. ते त्याने मानलं, कारण तेलाच्या वासाची तक्रार गिऱ्हाईकच करत होतं.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टींनी काय होणार. फिनलंडमध्ये उत्तर कारेलिया नावाचा एक जिल्हा आहे. 1970 च्या सुमारास तिथली कर्ती माणसं हार्टने पटापट जात होती. 1971 मध्ये तिथल्या लोकांनीच सरकारला अर्ज केला, काहीतरी करा. 1972 मध्ये पेक्का पुस्का नावाच्या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं. त्यांनी गोळ्या दिल्याच, पण डेअरीवाल्यांशी, सॉसेज करणाऱ्यांशी बोलले. लोणी कमी झाल्यावर गवळ्यांचं काय, तर त्यांना बेरीच्या शेतीकडे वळायला मदत केली. गावोगावच्या गृहिणींच्या मंडळांबरोबर जेवणाचे कार्यक्रम ठेवले, तिथे नव्या पद्धतीने रांधलेलं सगळ्यांनी मिळून खायचं. आपलं हळदीकुंकूच म्हणा ना! पुढच्या चाळीसेक वर्षांत तिथल्या कर्त्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त घटले. सिगारेट कमी झाली, औषधंही सुधारली, त्याचा वाटा आहेच. पण सुरुवात ताटापासून आणि अर्जापासून झाली होती.

तुमच्या स्वतःबद्दल दोनच गोष्टी. 'बॉर्डरवर' हे बीपी एकदा मोजून ठरवू नका; आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून मोजा, लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. साखर आणि कोलेस्टेरॉल तपासलं नसेल तर तपासा, वडिलांना झालंय म्हणजे तुम्ही रांगेत आहात.

आणि वडील. किती चालायचं हे त्यांच्या हृदयाचं पंपिंग किती आहे यावर ठरेल. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केलेला असेलच, त्यांच्या कार्डिऑलॉजिस्टना सरळ विचारा. रक्त पातळ करायची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून, अगदी दात काढायचा असला तरी, त्यांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या सध्या नकोत. थंडीत आपल्याकडे, आणि निफाडकडे तर विचारूच नका, पहाटेचा गारठा बीपी वाढवतो, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत ऊन पडल्यावर, आठनंतर निघायचं, कानटोपी घालून. चालताना दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम: घरी 'गॅस असेल' म्हणून ओवा देत बसू नका, 108 ला फोन करा.

पहिले आठ दिवस त्यांच्यासोबत तुम्ही जा, मोबाईल घरी ठेवून. खिशात एक खडू ठेवा. ते जिथे थांबतात, भिंतीला हात टेकतात किंवा कुणाच्या ओट्यावर बसायचा विचार करतात, तिथे जमिनीवर एक फुली मारा. आठव्या दिवशी मंडळाच्या लोकांना त्या फुल्या दाखवा आणि पहिलं बाकडं तिथेच ठेवा.